त्वचेसाठी क्रियाशील द्रव्ये : निवड आणि संयोग

मानवी त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. त्यास शृंगस्तर असे म्हणतात. चेहऱ्यावरील हा थर कागदाहूनही पातळ असतो. तथापि शरीरातील पाणी आत राखणे व बाहेरील उपद्रवी पदार्थांना अडविणे ही दोन्ही कामे तोच करतो. भिंतीतील विटांप्रमाणे त्याच्या पेशी रचलेल्या असून स्निग्ध द्रव्ये त्यांना चुन्याप्रमाणे सांधून ठेवतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. या भिंतीस धक्का न लावता अपेक्षित परिणाम साधणे, हाच क्रियाशील द्रव्यांच्या निवडीतील खरा प्रश्न होय.

प्रथम त्वचेचा प्रकार ओळखावा. सौम्य साबणाने चेहरा धुऊन तासभर काहीही न लावता राहावे. सर्वत्र तुळतुळीतपणा दिसल्यास त्वचा तेलकट, ताण जाणवल्यास कोरडी आणि केवळ कपाळ, नाक व हनुवटी तेलकट झाल्यास ती मिश्र समजावी. कोणत्याही प्रकारच्या त्वचेची सहज आग होत असल्यास ती संवेदनशील मानावी.

तेलकट व मुरुमे येणाऱ्या त्वचेस सॅलिसिलिक आम्ल उपयोगी पडते. ते तेलात विरघळत असल्यामुळे रंध्रांत साचलेल्या मळापर्यंत पोहोचते. उसातही आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल पाण्यात विरघळते. ते मुख्यतः पृष्ठभागावरील मृत पेशी सुट्या करते. नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचे एक रूप असून ते बहुतेक सर्व प्रकारच्या त्वचेस मानवते. जीवनसत्त्व अ पासून बनणारी रेटिनॉइडे पेशींच्या वाढीची गती बदलतात. त्यांपैकी ट्रेटिनॉइन प्रभावी खरे. पण ते औषध असल्यामुळे वैद्यांच्या सल्ल्यानेच वापरावे. गरोदर स्त्रियांनी रेटिनॉइडे टाळावीत. कोरड्या त्वचेस मात्र प्रथम ग्लिसरीन व सेरामाइड यांसारखी ओलावा राखणारी द्रव्येच द्यावीत.

द्रव्याची तीव्रता वाढविल्याने गुण त्याच प्रमाणात वाढतो, हा समज चुकीचा आहे. मुरुमांवरील बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के तीव्रतेचे असले, तरी १० टक्क्यांच्या द्रव्याइतकेच गुणकारी ठरते असे तुलनेत आढळले आहे. त्रास मात्र पुष्कळच कमी होतो.

आता संयोगाचा विचार करू. बेंझॉइल पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकारक असल्यामुळे साध्या ट्रेटिनॉइनचे विघटन करते. म्हणून ही दोन्ही एकाच वेळी लावू नयेत. एक सकाळी व दुसरे रात्री लावावे. अॅडापलीन हे रेटिनॉइड अधिक स्थिर असल्याने बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर चालते. तीव्र आम्ल व रेटिनॉइड एकाच रात्री लावल्यास दोहोंच्या दाहाची बेरीज होते. जीवनसत्त्व क सकाळी लावून त्यावर सूर्यरक्षक मलम लावणे हा संयोग मात्र परस्परपूरक होय.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. सावळ्या त्वचेत दाह झाला की रंजकपेशी अधिक मेलॅनिन निर्माण करतात. त्यामुळे डाग घालविण्यासाठी केलेल्या अतिरेकी उपायानेच नवे डाग पडतात व ते कित्येक महिने टिकतात. दृश्य प्रकाशही अशा त्वचेतील डाग गडद करतो. म्हणून लोह ऑक्साइडयुक्त, रंगछटा असलेले सूर्यरक्षक मलम अधिक हितकर ठरते.

याहून गंभीर धोका आहे तो उजळपणासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांचा. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन एकत्र असतात. प्रथम चेहरा उजळ दिसतो. पण पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या उमटतात, मुरुमे वाढतात आणि मलम थांबविताच आग होऊ लागते. भारत सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे वैद्यांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा औषधांच्या अनुसूचीत घातली, ती याच कारणास्तव. तेव्हा वेष्टनावरील घटक वाचल्यावाचून कोणतेही मलम चेहऱ्यास लावू नये.

नवे द्रव्य एका वेळी एकच घ्यावे. ते आधी कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहावे. रेटिनॉइड प्रथम आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढेच घ्यावे. गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात; त्याआधी द्रव्य बदलणे व्यर्थ होय. आग किंवा सोलवटणे वाढल्यास सर्व क्रियाशील द्रव्ये थांबवून केवळ ओलावा राखणारे मलम व सूर्यरक्षक वापरावे, आणि त्रास न शमल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. भिंत सुदृढ असली, तरच तिच्यावर दिलेला रंग टिकतो.