उन्हाळ्यातील फळांची चुलीविना पक्वान्ने

चैत्र-वैशाखात बागाईतदाराच्या घरी एक विसंगती हटकून दृष्टीस पडते. निवडक फळ पेट्यांत भरून बाजारास रवाना होते. डागी, लहान अथवा फार पिकलेले फळ घरी राहते, आणि ते सर्व एकाच वेळी तयार होत असल्यामुळे त्यातील बराच भाग उकिरड्यावर जातो. त्याच घरातील स्त्रिया मात्र ऐन दुपारी चुलीपुढे घाम गाळून पोराबाळांकरिता गोड पदार्थ शिजवीत असतात. घरी राहिलेल्या फळाचा विनियोग अर्ध्या तासात व विस्तवाशिवाय कसा करावा, आणि त्यात काय बिघडते व का बिघडते, हे ह्या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

फळाची निवड : आदळून डागलेले फळ डाग कापून टाकल्यास उपयोगी पडते. बुरशी धरलेले, आंबूस वास येणारे अथवा अळी पडलेले फळ सर्वस्वी त्याज्य समजावे. हापूस आंबा वरून निर्दोष दिसला तरी आत साका असू शकतो. सबब रस काढण्यापूर्वी प्रत्येक फळ कापून पाहावे. आंबा पेंढ्याच्या अढीतच पिकवावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

थंड करण्याची रीत : शीतपेटी नसल्यास फळे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवावी. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते व फळ गार होते. खानदेश-वऱ्हाडच्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम साधते. कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो. तेथे फळे विहिरीच्या ताज्या पाण्यात तासभर बुडवून ठेवणे बरे.

१. केळ्याचे शिकरण : चार पिकलेली केळी, दोन वाट्या तापवून पूर्ण निवविलेले दूध, दोन चमचे साखर व वेलदोड्याची पूड घ्यावी. प्रथम दुधात साखर विरघळवून मग केळ्याच्या चकत्या त्यात सोडाव्या. कापलेल्या केळ्यास हवा लागली की त्यातील विकरामुळे ते काळे पडते; म्हणून पाने मांडल्यावरच केळी चिरावी. काळे पडू नये म्हणून कोणी लिंबू पिळतात, परंतु दुधाच्या पदार्थात तसे करू नये, दूध नासते.

२. आमरस : आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, रस काढावा. रायवळ आंब्याचा रस दोरे राहू नयेत म्हणून चाळणीतून गाळावा. त्यात चिमूटभर मीठ व सुंठीची पूड घालावी आणि वाढताना वर चमचाभर साजूक तूप सोडावे. आंब्यातील पिवळ्या रंगद्रव्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते व त्यास स्निग्ध पदार्थाची जोड लागते. तेव्हा तुपाची ही जुनी चाल शास्त्रास धरूनच आहे. आंबट रस कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कदापि ठेवू नये.

३. आम्रखंड : रात्री दही फडक्यात बांधून टांगावे, सकाळी चक्का आयता मिळतो. एक वाटी चक्क्यास अर्धी वाटी साखर व अर्धी वाटी दाट रस घालून फेटावे. आंबट फळाने दूध फाटते, पण चक्का फाटत नाही; कारण दही हे आंबटपणानेच विरजलेले असते. म्हणून गोड फळ दुधात व आंबटसर फळ चक्क्यात, हा नियम पाठ करावा.

४. खरबुजाच्या फोडी : बिया काढून लहान फोडी कराव्या, त्यांवर साखर व वेलदोड्याची पूड पसरून पात्र झाकून ठेवावे. साखर फळातील पाणी बाहेर ओढते व अर्ध्या तासात फोडी आपल्याच रसात पोहू लागतात. पाणी अथवा दूध घालण्याचे कारण नाही.

५. अननस व पपई : ह्या दोन फळांत प्रथिने पचविणारी द्रव्ये आहेत. कच्ची फोड दुधात घालून ठेविल्यास मिश्रण कडवट होते. तेव्हा ही फळे नुसतीच खावी. अननस चक्क्यात घालावयाचा असल्यास मात्र चूल पेटवावी लागेल. साखरेत फोडी उकळल्या म्हणजे ते द्रव्य निष्क्रिय होते. फोडी पूर्ण निवल्यावरच चक्क्यात मिसळाव्या.

सावधगिरी : चिरलेले फळ माशांपासून झाकावे आणि दुधाचा पदार्थ कालविल्याबरोबर संपवावा. वैशाखाच्या उष्म्यात तो एका तासापलीकडे उघड्यावर राहिल्यास मुलांस देऊ नये. सकाळचे शिकरण रात्रीस राखून ठेवण्याची काटकसर वैद्याच्या खर्चाने महाग पडते.

शेवटी एक सूचना. पेट्या भरण्याच्या दिवशीच चांगल्या फळांची एक पाटी घरासाठी निराळी काढून ठेवावी. वर्षभर झाडास पाणी घालणाऱ्या हातांनी नेहमी डागी फळच खावे, असा काही नियम नाही. आणि त्या पाटीची किंमत बाजारात फारशी जाणवतही नाही.