तिजोरीतून न गेलेला खर्च

बी.कॉम.च्या वर्गात जमाखर्च शिकवताना एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो : "सर, कंपनीने कर्मचाऱ्याला शेअर घेण्याचा नुसता हक्क दिला, तिजोरीतून एक पैसाही गेला नाही, मग नफातोटा पत्रकात खर्च कसला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर उदाहरणानेच देतो.

समजा, एका कंपनीने २० कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १०० ऑप्शन दिले. अट अशी की, तीन वर्षे नोकरीत राहणाऱ्यास प्रत्येक ऑप्शनमागे एक शेअर आजच्याच भावाने, म्हणजे १०० रुपयांना, मिळेल. पुढे भाव १८० झाला तर ८० रुपये लाभ. उतरला तर घेण्याची सक्ती नाही. असा एकतर्फी हक्क बाजारात कोणी फुकट देत नाही. ब्लॅक व शोल्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्रासारख्या रीतीने त्याची किंमत काढतात. ती ३० रुपये आली असे धरू. एकूण ६०,००० रुपये झाले.

हा तीन वर्षांच्या कामाचा मोबदला, म्हणून खर्चही तीन वर्षांत वाटायचा. पहिल्या वर्षी कोणी जाईल अशी चिन्हे नव्हती, खर्च २०,०००. दुसऱ्या वर्षी दोघे नोकरी सोडून गेले. उरलेल्या १८ जणांचे ५४,०००; त्याचे दोन तृतीयांश ३६,०००; त्यातून आधीचे २०,००० वजा जाता १६,०००. तिसऱ्या वर्षी १८,०००. दरवर्षी कर्मचारी खर्च खाते नावे आणि ऑप्शन शिल्लक खाते जमा. हे जमा खाते देणे नव्हे, कारण कंपनीला रोख द्यायची नाही. ते भागधारकांच्या निधीत दाखवतात.

आता हक्क पक्का झाल्यावर भाव ७० वर आला व कोणीच शेअर घेतले नाहीत, तर खर्च उलटवायचा का? नाही. काम तर कंपनीने करून घेतलेच ना!

ही गोष्ट सहजासहजी मान्य झाली नाही. अमेरिकेतील १९७२ च्या नियमाने, ऑप्शन दिल्या दिवशीचा बाजारभाव व ठरलेला भाव यांतील फरक तेवढाच खर्च धरला जाई. आपल्या उदाहरणात तो शून्य! तेथील मानक मंडळाने १९९३ साली सुधारणा सुचवली, तेव्हा कंपन्यांनी कडाडून विरोध केला. १९९४ साली सिनेटनेही विरोधी ठराव केला. अखेर २००४ साली तेथे व आंतरराष्ट्रीय मानकांतही खर्च दाखवणे सक्तीचे झाले. भारतात इंड एएस १०२ हे मानक २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाले.

माझ्या मते यातला खरा मुद्दा न्यायाचा आहे. नवे शेअर निघाले की जुन्या भागधारकाचा वाटा घटतो. त्याची किंमत लपवली तर नफा फुगतो आणि तो फुगलेला नफा पाहून सामान्य माणूस बचत गुंतवतो. उद्या नोकरी पत्करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे : मुदतीआधी नोकरी सोडल्यास हक्क सहसा बुडतो, आणि शेअर घेताना झालेला लाभ पगाराचा भाग मानून त्यावर प्राप्तिकर लागतो.

स्वाध्याय : शेअरची दर्शनी किंमत १० रुपये धरून, १८ जणांनी सर्व शेअर घेतल्यावरची नोंद लिहा. भागभांडवल १८,००० व प्रीमियम २,१६,००० आले, तर धडा समजला असे मी मानीन.