'बनगरवाडी' पुन्हा वाचताना : मैत्री, दुष्काळ आणि ओस पडलेली शाळा



व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. आकाराने लहान, भाषा साधी. आपल्यापैकी अनेकांनी ती डी.एड.च्या वयात वाचली असेल, काहींनी १९९५ मधला अमोल पालेकरांचा चित्रपटही पाहिला असेल. 'एका तरुण मास्तराने धनगरांच्या वाडीवर शाळा उभी केली त्याची गोष्ट' एवढंच बऱ्याचदा लक्षात राहतं. पण पुस्तक तिथे संपत नाही. म्हणूनच ते पुन्हा वाचायला हवं.

कथानक थोडक्यात

काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. औंध संस्थानातला माणदेश, म्हणजे पाऊस कायम हुलकावणी देणारा मुलूख. राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर बनगरवाडीत रुजू होतो. शाळा चावडीत, आणि शाळेत पोरंच नाहीत! पोरं रानात मेंढरांमागे. पोर शाळेत बसलं तर मेंढरं कोण राखणार, हा आईबापांचा सरळ सवाल. गावचा म्हातारा कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो आणि हळूहळू पोरं येऊ लागतात.

मैत्री जमते कशी?

इथेच शिक्षकाने थोडं थांबून वाचावं. मास्तर वाडीत भाषणं देत नाही. तो लोकांची कागदपत्रं वाचून दाखवतो, तालुक्याच्या गावातली कामं करून आणतो, भांडणात दोन शब्द समजुतीचे सांगतो. यातलं एकही काम त्याच्या नेमणुकीच्या कागदात नाही, पण विश्वास बसतो तो यातूनच. जवळचं कुणी नसलेला आयबू त्याचा सोबती होतो. आनंदा रामोशी चोऱ्या करतो, तरी मास्तरशी माणुसकीने वागतो. लेखक कुणालाच देव करत नाही की राक्षस करत नाही.

आणि हा विश्वास किती नाजूक असतो तेही पुस्तक सांगतं. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते. काम साधंच, पण कारभाऱ्याच्या मनात संशय येतो आणि मायेचं नातं एकदम ताणलं जातं. नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येक शिक्षकाने हा भाग जरूर वाचावा. गाव आपल्याला जवळ करतं, तेव्हा ते आपल्याकडे बारकाईने बघतही असतं.

कष्ट आणि दुष्काळ

शेकूकडे बैलांची जोडी पुरी होत नाही, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः उभी राहते. हा प्रसंग लेखक कुठेही गळा न काढता सांगतो, म्हणूनच तो विसरता येत नाही.

पुढे मास्तरच्या पुढाकाराने सगळी वाडी राबून तालीम बांधते. उद्घाटनाला खुद्द राजा येतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी व्यायामाचे आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, हे लक्षात घेतलं की त्या तालमीचा संदर्भ उलगडतो.

एखाद्याने गोष्ट इथेच संपवली असती. माडगूळकर संपवत नाहीत. पाऊस दगा देतो, चारा-पाणी संपतं, मेंढरं मरायला लागतात. माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, आणि पोरं नाहीत म्हटल्यावर मास्तरलाही निघावं लागतं. मास्तर कामात कुठेही कमी पडलेला नसतो. तरी शाळा रिकामी होते.

आज आपल्यासाठी

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आसपास वर्गातून दिसेनाशी होतात, हे मराठवाड्यातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी कार्ड अशा सोयी आज आहेत. बनगरवाडीत त्या नव्हत्या. पण हजेरीपटावरच्या गैरहजेरीला 'पालकांची अनास्था' असं नाव देऊन आपण मोकळे होतो का, हा प्रश्न पुस्तक आजही विचारतं. पोट आणि पाटी यांत पहिला नंबर पोटाचाच लागतो. हे ज्याला कळतं, तोच शिक्षक परत आलेल्या मुलाला न रागावता पुन्हा बाकावर बसवतो.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न (इयत्ता ८ वी ते १० वी)

१. वाडीतल्या लोकांनी मास्तरला आपलं का मानलं? तीन प्रसंग सांगा.
२. आनंदा रामोशी चांगला की वाईट? उत्तराला कारण द्या.
३. चोळीच्या प्रसंगात कारभाऱ्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
४. वाडी ओस पडली, मग मास्तरचं काम वाया गेलं का?

चौथ्या प्रश्नाचं तयार उत्तर मुलांना देऊ नका. वर्गात एखादं मूल गाव सोडून आलेलं असेल, तर त्याला आधी बोलू द्या. पालकांनीही हा प्रश्न घरी मुलांसोबत जरूर बोलावा.