सावलींतील मुसळी

सागाच्या रानांत पहिल्या पावसाबरोबर वर येणारी पांढरी मुसळी आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. पाला दरवर्षीं वाळून जातो, पण मुळ्या जमिनींत जिवंत राहतात. तिचें शास्त्रीय नांव १९५५ सालीं मुंबईजवळच्या बोरिवलीवरून पडलें. विरळ सावली, कुजलेला पालापाचोळा आणि पाणी न साचणारी उतरती मुरमाड जमीन या तीन गोष्टी तिला रानांत आयत्या मिळतात. शेतांत त्या आपण पुरवावयाच्या. त्यांपैकीं तिसरीकडेच बहुधा दुर्लक्ष होतें.

नागपूरच्या पश्चिमेस वाडीच्या बाजूला ही लागवड करूं इच्छिणारांनीं प्रथम जमीन पाहावी. काळ्या भारी जमिनींत श्रावणाची झड लागली कीं मुळ्या सडतात. बरडीचा चढाचा तुकडा असेल तरच या पिकाच्या वाटेस जावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. संत्र्याच्या झाडाखालीं सावली आहे म्हणून तेथें लावण्याचा मोह होतो, तोही आवरावा. संत्र्याचीं अन्न घेणारीं मुळें वरच्या थरांतच असतात. मुसळी खणतांना तीं तुटावयाचीं. त्यापेक्षां वाफ्यांच्या पश्चिमेस तुरीची ओळ धरावी.

उन्हाळ्यांत चांगलें कुजलेलें शेणखत घालून वीतभर उंचीचे गादीवाफे करावे. मृगाचा पाऊस होतांच ओळींत एक फूट व रोपांत सहा इंच अंतरानें बेणें लावावें. डोळ्यांच्या चकतीला निदान एकदोन मुळ्या चिकटलेल्या असाव्या. नुसती मुळी उगवत नाहीं. बीं फार थोडें उगवतें, म्हणून बेण्यावरच भिस्त. गेल्या तेजीच्या काळांत, २००० सालाच्या सुमारास, बेण्याला भलताच भाव आला आणि माल परत घेण्याच्या तोंडी वचनांवर कित्येकांनीं पैसा घातला. प्रथम चारदोन वाफे लावून बेणें घरींच वाढवावें व गिऱ्हाईक आधीं पाहून ठेवावें.

आश्विनांत पाला पिवळा पडून गळतो. त्याच वेळीं खणण्याची घाई करूं नये. साल पांढुरकी आहे तोंवर मुळी कच्ची; ती काळपट तपकिरी झाली म्हणजे, पौषाच्या सुमारास, हलकें पाणी देऊन खणावी. साल खरवडून उन्हांत वाळविल्यावर पांच भाग ओल्या मालाचा सुमारें एक भाग सुका उरतो. बेण्याच्या चकत्या मात्र न सोलतां थंड सावलींत कोरड्या वाळूंत मृगापर्यंत ठेवाव्या, आणि मधून मधून पाहून सडक्या काढून टाकाव्या.