शनवार तेली

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव नावाचे खेडे आहे. फार प्राचीन काळी या किनाऱ्यावर एक गलबत फुटले व त्यातील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगतात. त्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले, मराठी बोलू लागले आणि घाण्यावर तेल गाळून निर्वाह करू लागले. रोहेकर, पेणकर, केहीमकर अशी गावांवरून त्यांना आडनावे पडली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

शनिवार का पाळावयाचा, असे कोणी विचारले असते तर ‘वाडवडील पाळीत आले’ याहून निराळे उत्तर त्यांना क्वचितच देता आले असते. धर्मग्रंथ जवळ उरले नव्हते. मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, खवले नसलेला मासा वर्ज्य मानणे आणि ‘शमा’ ही छोटी प्रार्थना म्हणणे, एवढाच काय तो ठेवा! पुढे कोचीनच्या यहुदी बांधवांनी त्यांना काही धर्माचार शिकविले. 1796 साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. तरीही हिब्रू ग्रंथ वाचून अर्थ सांगणारे विरळाच होते.

ही उणीव दूर झाली ती अनपेक्षित दिशेने. 1813 साली अमेरिकन मिशनरी व 1829 साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईस आले. त्यांनी शाळा काढल्या. ‘जुना करार’ मराठीत येऊ लागला. 1832 साली विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरणही मराठीतून प्रसिद्ध केले. या लोकांनी ख्रिस्ती व्हावे, हा त्यांचा हेतू उघड होता. परंतु त्या शाळांत बसलेल्या मुलांना पुस्तकात भेटले ते आपलेच पूर्वज! इस्राएल हे याकोबाचे दुसरे नाव आणि बेने इस्राएल म्हणजे त्याची लेकरे, हे तेथे लिहिलेले होते. सातव्या दिवशीच्या विश्रांतीची आज्ञा तेथे होती. फार काय, खवल्यांच्या माशाचा नियमही तेथेच सापडला. आजीच्या स्वयंपाकघरातील रीत मोशेच्या नियमशास्त्रातील निघाली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे.

हाईम सामुएल केहीमकर यांनी 1875 साली मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली व पुढे समाजाचा इतिहासही लिहिला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी मात्र त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली. तेव्हा कोकणातून गेलेल्या या माणसांनी रस्त्यावर धरणे धरले, आणि 1964 साली त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली.