पावसानंतरचा सडा : निसर्गचित्रणाचे काही धडे

डॉक्टर मित्रहो, दवाखान्याच्या चार भिंतींत ज्यांचा दिवस सरतो, त्यांनी एखादा तरी असा छंद जोपासावा की जो त्यांना मोकळ्या आभाळाखाली नेईल. माझ्यापुरता तो छंद कॅमेऱ्याचा. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. गोव्याला जाताना आपण तो घाईने ओलांडतो. त्याच परिसरातील जांभ्या दगडाच्या सड्यांविषयी आणि तेथील छायाचित्रणाविषयी थोडे लिहावे, असा मानस आहे.

दगडी वाळवंट

जेथे धो धो पाऊस कोसळतो, त्या प्रदेशात वाळवंट कसले, अशी शंका येणे साहजिक आहे. पण वाळवंट हे केवळ पावसाच्या आकड्यावर ठरत नाही; पाणी किती काळ हाती राहते, यावरही ठरते. सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा, तर कोठे कातळ अगदी उघडा असतो. पावसाचे बहुतेक पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात हा कातळ तव्यासारखा तापतो. वर्षाचे सात-आठ महिने येथील वनस्पतींना वाळवंटाचेच जिणे जगावे लागते.

खऱ्या वाळवंटाशी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी अवघा ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २००४-०५ च्या हंगामात तेथे त्याच्या कितीतरी पट पाऊस झाला आणि २००५ च्या वसंतात ओसाड भूमी फुलांनी झाकली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने तर वर्षभराचा पाऊस एका दिवसात आणला; मिठाच्या सपाटीवर उथळ सरोवर साचले आणि ते कित्येक महिने टिकले. तेथील अनेक बियांच्या आवरणात अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. किरकोळ सरीने ती धुतली जात नाहीत; पुरेशी मात्रा मिळाल्यावरच बी जागे होते. औषधाच्या मात्रेचा नियम आपणास नवा नाही!

आपल्या सड्यावर हे नाट्य दरवर्षी घडते. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत गेंदाची पांढरी बटणे, तेरड्याचा गुलाबी रंग आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक पसरते. सीतेची आसवे व दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती होत. कातळावरील निकृष्ट मातीत नत्र अपुरे, म्हणून त्या ते सूक्ष्म जिवांकडून मिळवितात.

प्रकाश आणि मापन

पावसाने हवेतील धूळ खाली बसते, म्हणून उघडीप मिळताच दूरचे डोंगर स्वच्छ दिसतात. विस्तृत दृश्यासाठी सकाळचा पहिला तास उत्तम. तिरप्या उन्हात कातळाचे खडबडीत अंग उठून दिसते. फुलांसाठी मात्र पातळ ढगांचे आभाळ अधिक उपकारक, कारण त्यात कठोर सावल्या पडत नाहीत.

कॅमेऱ्यातील मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरे धुके चित्रात मळकट दिसते आणि ओला काळा कातळ फिकट पडतो. धुक्यासाठी साधारण एक स्टॉप प्रकाश वाढवावा, काळ्या कातळासाठी थोडा घटवावा. मीटर आकडा देतो, निदान आपल्यालाच करावे लागते. तापमापकाचेही तसेच नाही काय?

ओल्या पानांवरची चकाकी ध्रुवक फिल्टरने कमी होते व हिरवा रंग गडद उमटतो. मात्र हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, आणि रुंद कोनाच्या भिंगावर तो लावल्यास आभाळाची निळाई विषम दिसते. जवळचे फूल व दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असल्यास छिद्र एफ/११ ते एफ/१६ ठेवावे; त्याहून लहान छिद्राने विवर्तनामुळे तीक्ष्णता घटते. कॅमेरा तिपाईवर स्थिर असला तरी वाऱ्यावर फूल हलतेच. तेव्हा झुळूक थांबण्याची वाट पाहावी, अथवा आयएसओ वाढवून शटरचा वेग वाढवावा. घरी परतल्यावर भिंगे कोरडी करून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत. आपल्याकडील दमट हवेत भिंगावर बुरशी धरण्यास वेळ लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचा धडा

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी सीतेच्या आसवांचे जवळून चित्र घेण्यासाठी मी गुडघे टेकून बराच वेळ बसलो होतो. चित्र मनासारखे आले. उठून मागे पाहिले, तो माझ्या दोन गुडघ्यांचे आणि पावलांचे ठसे त्या फुलांत स्पष्ट उमटलेले! एका चित्रासाठी मी किती रोपे चिरडली, हे मोजण्याचे धैर्य झाले नाही. यांपैकी बहुतेक रोपे एका पावसाळ्यापुरतीच जगतात. बी धरण्यापूर्वी रोप मेले की पुढील वर्षाची पुंजीच बुडते.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर येथे फुलांची छायाचित्रे घेण्यास इतकी गर्दी लोटली की तेथील दरी काही काळ लोकांसाठी बंद करावी लागली. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटासह समाविष्ट झालेल्या साताऱ्याजवळील कास पठारावरही प्रवेशशुल्क व पर्यटकसंख्येची मर्यादा आणावी लागली. आपल्या सड्यांवर ती वेळ येण्याची वाट का पाहावी?

म्हणून काही पथ्ये पाळावीत. वाहन डांबरी रस्त्यावरच ठेवावे. उघड्या कातळावरून किंवा मळलेल्या वाटेनेच चालावे. फूल आवाक्यात नसेल तर लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. तेही नसेल तर ते चित्र सोडून द्यावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये.

रुग्णास प्रथम इजा होऊ देऊ नये, हे आपल्या व्यवसायाचे आद्य तत्त्व. ते तत्त्व दवाखान्याच्या उंबरठ्यावर ठेवून सड्यावर जाता येणार नाही. येत्या भाद्रपदात आपण कॅमेरा घेऊन जांबोटीच्या वाटेला अवश्य लागावे. परतताना मात्र एकदा मागे वळून आपल्या पाउलखुणा पाहाव्यात. त्या कातळावरच राहिल्या असतील, तर आपले चित्र साधले असे खुशाल समजावे.