घर रिकामे करून घेताना : नोटीस कोणती आणि केव्हा?

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव व रेल्वेचे जंक्शन होय. आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. अशा गावी खोल्या व दुकानगाळे भाड्याने देण्याघेण्याचा व्यवहार पुष्कळदा तोंडी व विश्वासावर चालतो. वितुष्ट आले म्हणजे मालक रागाच्या भरात "महिन्याच्या आत जागा सोडा" अशी नोटीस धाडतो. पुढे दावा उभा राहतो, तेव्हा मूळ नोटीसच सदोष असल्याचे आढळून येते. यात मालकाची वर्षे वाया जातात आणि भाडेकरूच्या डोक्यावर टांगती तलवार राहते ती वेगळीच.

कायदा कोणता?

मराठवाड्यात पूर्वी 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील वेगवेगळे कायदे रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अंमलात आला. तो अनुसूचींत समाविष्ट केलेल्या क्षेत्रांनाच लागू असल्याने आपली जागा त्यात येते किंवा नाही, याची मालकाने प्रथम खात्री करून घ्यावी. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असल्यास त्यांना या अधिनियमाचे संरक्षण नाही.

भाडे थकले असल्यास

कलम 15 नुसार थकीत भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते. ती बजावल्यापासून 90 दिवस उलटल्याखेरीज दावा दाखल करता येत नाही. म्हणून कोणत्या महिन्यांचे किती भाडे येणे आहे, हे नोटिशीत नेमके नमूद करावे. भाडेकरूलाही येथे संधी आहे. दाव्याचे समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत त्याने थकबाकी दरसाल 15 टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरली, पुढेही भाडे नियमित भरले आणि न्यायालय ठरवील तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही.

इतर कारणे असल्यास

मालकाची स्वतःची खरीखुरी गरज, बेकायदा पोटभाडेकरू, लेखी संमतीवाचून केलेले कायम बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने सलग जागेचा वापर नसणे इत्यादी कारणे कलम 16 मध्ये दिली आहेत. त्यांना 90 दिवसांची अट नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालील दाव्यापूर्वी भाडेपट्टा संपुष्टात आणणारी वेगळी नोटीस आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी धनपाल चेट्टियार प्रकरणी 1979 मध्ये दिला. तरीही कारण स्पष्ट करणारे पत्र आधी पाठविणे हिताचे. त्याने तडजोडीस वाव राहतो. मालकाच्या गरजेच्या दाव्यात मात्र हुकूमनाम्याने अधिक हालअपेष्टा कोणाच्या होतील, हे न्यायालय पाहते.

अधिनियम लागू नसल्यास

येथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 106 लागू पडते. वेगळा करार नसेल तर महिनेवारी भाडेपट्टा 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. शेती वा कारखान्यासाठी दिलेल्या जागेस सहा महिने लागतात. ही मुदत नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मोजावी.

बजावणी

नोटीस लेखी व सहीची असावी. ती टपालाने पाठवावी, अथवा भाडेकरूच्या किंवा त्याच्या घरातील व्यक्तीच्या हाती द्यावी. तसे शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागी चिकटवावी. नोंदणीकृत टपालाची पावती व नोटिशीची प्रत जपून ठेवावी.

हे करू नये

नोटीस दिली म्हणजे जागा ताब्यात आली असे नव्हे. पाणी वा वीज तोडणे कलम 29 अन्वये मना आहे आणि कुलूप ठोकणे हा मार्गच नव्हे; ताबा न्यायालयाच्या हुकुमानेच मिळतो.

मुळात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे कलम 55 ने बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. जागा देतानाच कागद नीट केला, तर जागा परत घेताना वाद कमी होतो, हे दोन्ही पक्षांनी ध्यानी ठेवावे.